फेशियलच्या पाच ब्रँच

थोरली संशयी होती हे सांगणं म्हणजे मिरची तिखट असते हे सांगणं. दुकानदाराने वजन करून दिलेला जिन्नस ती घरच्या काट्यावर परत घाली. डॉक्टरने गोळी दिली की औषधवाल्याला विचारी, औषधवाल्याने हो म्हटलं की घरी येऊन चष्मा लावून पाकिटावरची तारीख वाची. तिचा नवरा म्हणे, लग्न ठरलं तेव्हा हिने मला तीनदा विचारलं होतं, तुम्ही तुम्हीच ना. ही थट्टाच असावी, पण सांगून झालं की तो आधी बायकोकडे बघे आणि मग हसे.

थोरली म्हणजे थोरली जाऊ. पहिल्या मजल्यावरच्या त्या दोन खुर्च्यांच्या ब्युटी पार्लरला रीतसर नाव होतं, दारावर पाटीही होती, पण गिऱ्हाइकं त्याला 'जावांचं पार्लर'च म्हणत. फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग थोरलीकडे. आयब्रो धाकटीकडे. दोऱ्याचं टोक दातात धरून धाकटी भुवई अशी कोरायची, की बाईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत काम झालेलं असायचं. अकरा वर्षं दोघी एकाच घरातून निघत, एकाच घरात परतत, आणि अकरा वर्षांत त्यांचं कडाक्याचं भांडण झालं नव्हतं. नात्यातल्या बायकांना यात काहीतरी गौडबंगाल वाटे.

सोमवारी दुपारपर्यंत पार्लरकडे कुत्रं फिरकत नसे. त्या वेळात एका सोमवारी थोरलीने धाकटीचं तोंड करायचं, पुढच्या सोमवारी धाकटीने थोरलीचं. 'तोंड करायचं' हा त्यांचाच शब्द. एरवी एका जावेने दुसरीला तोंड करणं म्हणजे घरात महाभारत. इथे तोंड करणं म्हणजे वाफ, मालीश, लेप आणि वीस मिनिटं डोळे मिटून पडणं. तेवढ्यात मनातलं सगळं बोलून व्हायचं. नवऱ्यांना या सोमवारांची थोडी धास्ती होती.

समोरच्या गाळ्यात पूर्वी टायपिंगचा क्लास होता. तो बंद झाला, सहा महिने कुलूप राहिलं, मग रंग लागला आणि पाटी आली: प्लास्टिक सर्जन. मधे फक्त जिन्याचा चौक. पाटी वाचली तेव्हाच थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. चेहऱ्याचं दुकान इथे, आणि चेहऱ्याचंच दुकान बरोब्बर समोर. एवढ्या मोठ्या शहरात याला दुसरी जागाच मिळाली नाही?

तो डॉक्टर पंधरा दिवसांनी स्वतःच आला. उंच, वाकून चालणारा, हळू बोलणारा माणूस. हळू बोलणाऱ्यांवर तर थोरलीचा काडीचा विश्वास नव्हता. त्याने चप्पल बाहेर काढली, स्टुलावर बसला आणि म्हणाला, की आपण दोघांनी मिळून काम करावं असं त्याला वाटतं. भाजलेली, अपघातातली माणसं त्याच्याकडे येतात. जखम तो बरी करतो, पण त्यानंतर तो चेहरा घेऊन बाहेर पडायचं कसं, हे त्याला शिकवता येत नाही. डाग झाकणं, उडालेली भुवई रेखणं, बरं झालेल्या कातडीला हलक्या हाताने मालीश, हे त्याच्या नर्सला जमत नाही. आणि उलट बाजूने, एखादा तीळ वाढताना दिसला, एखादी पुटकुळी महिनोन् महिने भरत नसली, कातडीखाली हाताला काही लागलं, तर ताईंनी ते माणूस त्याच्याकडे पाठवावं.

"तुमचा हात रोज किती चेहऱ्यांवरून फिरतो," तो म्हणाला. "माझ्याकडे माणूस पोहोचतो तोवर फार उशीर झालेला असतो."

थोरली म्हणाली, बघू. तिच्या कोशात 'बघू' म्हणजे 'नाही' हे डॉक्टरला कुठून कळणार. तो खूश होऊन गेला.

धाकटी म्हणाली, "ताई, माणूस बरा वाटतो."

"सगळे सुरुवातीला बरेच वाटतात," थोरली म्हणाली. पूर्वी तिने एक मैत्रीण भागीदार म्हणून घेतली होती. त्या बयेने वर्षभर गोड बोलून गिऱ्हाइकांची वही पाठ केली आणि पुढच्याच गल्लीत स्वतःचं पार्लर थाटलं. केसाने गळा कापला. तेव्हापासून थोरलीने कानाला खडा लावला होता. आता हा म्हणतो माणसं माझ्याकडे पाठवा. पाठवते हो. वही पण पाठवते, खुर्च्या पण पाठवते.

इथपर्यंत सगळा संशय समोरच्यावर होता. तो घरात शिरला एका सोमवारपासून.

त्या सोमवारी पाळी धाकटीची होती. थोरलीने वाफेचं मशीन लावलं, टॉवेल झटकला, आणि धाकटी म्हणाली, "आज नको ताई, सर्दी वाटतेय." ठीक आहे. पुढच्या खेपेला म्हणाली, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाली, तुमचंच करू ना, माझं कशाला. थोरलीने उलटं मोजलं तेव्हा लक्षात आलं, की कामाच्या धबडग्यात आधीचे कितीतरी सोमवार बुडाले ते धरून, तिने आठ महिन्यांत धाकटीच्या चेहऱ्याला बोट लावलेलं नव्हतं. तरी बाईची कातडी कशी तुकतुकीत. म्हणजे दुसरीकडे कुठेतरी करून घेत असणार. कुठे, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

मग एकेक दिसायला लागलं. एरवी केस वर करकचून बांधणारी धाकटी केस मोकळे सोडायला लागली, तेही डाव्या कानावरून पुढे घेऊन. स्टाइल म्हणे. दुपारी 'जरा पत्र टाकून येते' म्हणून बाहेर पडायची. आजकाल पत्र कोण टाकतं? थोरली दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. धाकटी जिना उतरलीच नाही, चौक ओलांडून समोर गेली. पाऊण तासाने परत आली आणि म्हणाली, पोस्टात गर्दी होती.

 थोरली ओरडली नाही. तिने ताकास तूर लागू दिली नाही, नुसतं विचारलं, मिळाली का तिकिटं?

"मिळाली," धाकटी म्हणाली आणि दोरा दातात धरला.

घरी दिराकडे बघावं तर तो पानावरून मान वर करीना. दीर मुळात गप्पच, पण आता मूग गिळून बसल्यासारखा गप्प. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्या डोक्यातला किडा परत जागा झाला वाटतं, झोपव त्याला. किडा कसला झोपतोय. धाकटीने येत्या गुरुवारपासून पंधरा दिवसांची सुट्टी मागितली: माहेरी जायचंय, आईला बरं नाही. थोरलीने 'सहज चौकशी' म्हणून तिच्या आईला फोन लावला. म्हातारी शिडीवर चढून पंखे पुसत होती. तिच्या आवाजाला ठणठणीत म्हणावं की दणदणीत, एवढाच प्रश्न होता. थोरलीने 'तब्येतीला जपा' म्हणून फोन ठेवला आणि तशीच स्टुलावर बसून राहिली.

तिला खरं दुःख पार्लरचं नव्हतं. गिऱ्हाइकं जातात, येतात. पण धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी लिपस्टिक सरळ लावता येत नव्हती. दोरा कसा धरायचा ते थोरलीने स्वतःच्या पायावरच्या लवेवर शिकवलं होतं. पाय महिनाभर लालभडक होता. ती जर असं न सांगता, खोटं बोलून, समोरच्या गाळ्यात जाऊन उभी राहणार असेल, तर मग अकरा वर्षं आपण कुणाशी बोलत होतो? या विचाराने तिला रडू येई आणि रडू आलं की राग येई.

मंगळवारी पुरावाच मिळाला. दोन्ही गाळ्यांना मिळून जिन्यामागच्या बोळकांडीत एक नळ होता आणि डॉक्टरची एक खिडकी तिथे उघडायची. थोरली टॉवेल पिळायला गेली होती. आतून फोनवरचा आवाज आला, तोच हळू, गोड.

"फेशियल काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नाही," डॉक्टर म्हणत होता. "पाच ब्रँच आहेत. वरच्या तर मिळतीलच. मला काळजी खालच्या ब्रँचची आहे. हो, गुरुवारी सकाळी घेतोय तिला. नाही, नवऱ्याला माहितीये, पण मोठ्या जावेला कळू द्यायचं नाही म्हणते."

थोरलीच्या हातातला टॉवेल पिळून पिळून कोरडा झाला. पाच ब्रँच! एक नाही, दोन नाही, फेशियलच्या पाच ब्रँच. वरची, खालची, सगळा बेत तयार. आणि गुरुवारी तिला घेतोय. दीरसुद्धा सामील. तिने टॉवेल बादलीत आपटला, हात पदराला पुसले आणि सरळ समोर गेली.

बाहेरच्या खोलीत नाकाला पट्टी बांधलेला एक माणूस आणि मुलीचा भाजलेला हात मांडीवर घेऊन बसलेली एक आई, एवढेच होते. नर्स म्हणाली नंबर लावा. थोरली म्हणाली मी गिऱ्हाईक नाही, आणि आत गेली.

तिने ठरवून आवाज खाली ठेवला. "गुरुवारचं मला सगळं कळलंय," ती म्हणाली.

डॉक्टरचा चेहरा एकदम सैल पडला. सापडलेल्या चोराचा पडावा तसा नव्हे. ओझं उतरलेल्या माणसाचा. "बरं झालं तिने सांगितलं," तो म्हणाला. "मी तर तिच्या मागेच लागलो होतो, घरातलं एक बाईमाणूस हवं म्हणून. बसा ताई."

"बसायला नाही आले. आमच्या घरातलं फेशियल तुम्ही असं गुपचूप घेऊन जाणार, आणि मी गप्प बसणार, असं वाटलं तुम्हाला?"

"घेऊन जाणार नाही हो," डॉक्टर म्हणाला, तिची समजूत घालावी तसा. "वाचवायचाच प्रयत्न आहे. पण खोटं सांगत नाही, गाठ अगदी फेशियलला चिकटून आहे. खालची ब्रँच ताणली जाऊ शकते. मग थोडे महिने तोंड..."

"कसली गाठ?" थोरली म्हणाली.

डॉक्टर थांबला. त्याने चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत उचलला. मग हळूच विचारलं, की ताईंना नक्की काय कळलंय. थोरलीने सांगितलं: तुम्ही फेशियलच्या पाच ब्रँच काढताय आणि गुरुवारपासून आमची धाकटी तुमच्याकडे कामाला लागतेय.

नाकपट्टीवाल्याच्या खोकण्याचा आवाज बाहेरून आला. 

"चूक माझी," डॉक्टर शेवटी म्हणाला. "हे मी बोलायलाच नको होतं. बाकीचं तिलाच विचारा. एवढंच सांगतो, आमच्यात फेशियल म्हणजे नस. चेहरा हलवणारी. कानाखालून निघते, आणि तिच्या पाच फांद्या होतात."

चौक जेमतेम आठ पावलांचा. तो ओलांडताना थोरलीने एकेक परत मोजलं. रोज डोळ्यांत तेल घालून ती बघत होती: केस बघितले, पत्र बघितलं, दिराची मान बघितली. सगळं दिसलं, आणि काहीच कळलं नाही.

धाकटी एका मुलीच्या भुवया करत होती. त्या होईपर्यंत थोरली दाराशी उभी राहिली. मुलगी गेल्यावर तिने दाराला आतून कडी लावली, वाफेचं मशीन चालू केलं आणि खुर्ची मागे कलती केली.

"बस," ती म्हणाली.

"आज सोमवार नाही ताई."

"असू दे."

धाकटीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने बसली. थोरलीने तिच्या केसांना पट्टा लावला, डाव्या कानावरचे केस मागे घेतले. क्रीम न लावता नुसतं मधलं बोट हनुवटीपासून जबड्यावरून वर नेलं, जसं अकरा वर्षं नेत आली होती. कानाच्या पाळीपुढे बोट थांबलं. आत गाठ होती. लिमलेटच्या गोळीएवढी, कडक, बोटाखाली किंचित सरकणारी. 

"कधीपासून?"

"आठ महिने झाले," धाकटी म्हणाली. तिने डोळे मिटूनच घेतले होते. मग सोमवारी सांगावं तसं सगळं सांगितलं. गाठ आधी एवढीशी होती. डॉक्टरांनी सुई टोचून तपासणी केली, साधीच दिसतेय म्हणाले, पण वाढतेय, काढायला हवी. काढताना तोंड वाकडं होऊ शकतं. काही महिने, क्वचित कायमचं.

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?" थोरलीचा आवाज फाटला. "मी कोण लागते गं तुझी?"

 वाफ धाकटीच्या कपाळावर साचत होती.

"ती बाई आठवते?" ती म्हणाली. "तोंड एका बाजूने गेलेली. गेल्या वर्षी भुवया करायला आली होती."

थोरलीला आठवली. नको तेवढी स्वच्छ आठवली. त्या बाईला तिने दारासमोरच्या खुर्चीतून उठवून मागच्या, पडद्याआडच्या खुर्चीत बसवलं होतं. आणि ती गेल्यावर धाकटीला म्हणाली होती, चेहऱ्याच्या दुकानात असला चेहरा समोर बसला, तर येणारी आल्या पावली परत जाईल.

"डॉक्टर वाकडं म्हणाले तेव्हाच मनात घेतलं," धाकटी म्हणाली. "सरळ राहिलं तर पंधरा दिवसांनी परत यायचं आणि काही झालंच नाही म्हणायचं. वाकडं झालं तर यायचंच नाही. तुम्हाला मला पडद्यामागे बसवावं लागलं नसतं."

म्हणजे धाकटी जाणार होती. थोरलीचा संशय खरा होता, अगदी शंभर टक्के खरा. फक्त तिला हाकलणारी समोरच्या गाळ्यात नव्हती. थोरली खाली बसली, खुर्चीच्या पायाशी, फरशीवर, जिथे सकाळचे केस अजून झाडायचे राहिले होते, आणि धाकटीचा हात दोन्ही हातांत धरून मोठ्याने रडली. धाकटी म्हणत राहिली, अहो ताई, उठा, साडीला केस लागतील.

गुरुवारी ऑपरेशन झालं. ते सुरू होण्याआधी थोरलीने डॉक्टरला दोनदा विचारलं, की डावी बाजू ना, आणि त्याने तिच्यादेखत धाकटीच्या गालावर पेनने खूण केली तेव्हाच ती मागे सरली. गाठ निघाली, तपासणीत साधीच ठरली. फेशियल वाचलं. पण खालची ब्रँच ताणली गेली होती, डॉक्टरला भीती होती तशीच. धाकटी बोलायला गेली की खालचा ओठ उजवीकडून उतरे, डावीकडून मख्ख. पाणी पिताना त्या कोपऱ्यातून ओघळे. नस अखंड आहे, जागी होईल, डॉक्टर म्हणाला. कधी? तीन महिने, सहा महिने. नक्की? नक्की असं सांगता येत नाही.

"मग तुम्हाला येतं तरी काय?" थोरलीने विचारलं. हे तिने रागाने विचारलं होतं, पण डॉक्टरने उत्तर दिलं.

"मला गाठ काढता येते. ओठ रोज, सहा महिने, न कंटाळता आरशासमोर हलवून घेणं मला येत नाही. त्याला तुमचा हात पाहिजे, म्हणून तर मी पहिल्या दिवशी आलो होतो."

थोरलीने तरी लगेच हो म्हटलं नाही. तिने सगळं लिहून मागितलं: टाके निघाल्यावर किती दिवसांनी हात लावायचा, कुठून कुठे, किती दाब, काय करायचं नाही. "आणि तुमच्या भाषेत नको," ती म्हणाली. "माझ्या भाषेत." मग दोघं खोक्याचा पुठ्ठा घेऊन बसले आणि दोन्हीकडे वेगळे अर्थ असणारे शब्द लिहायला लागले. फेशियल: तिकडे नस, इकडे मालीश आणि लेप. ब्रँच: तिकडे फांदी, इकडे दुकान. क्लीन-अपपाशी दोघंही थबकले. तिकडे क्लीन-अप म्हणजे जखम हलकेच धुणं, इकडे वाफ देऊन खसाखसा स्क्रब. डॉक्टरने चिठ्ठीवर 'रोज क्लीन-अप' लिहून भाजलेलं पोर इकडे पाठवलं असतं, तर काय झालं असतं? थोरलीने त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. पुठ्ठा पार्लरच्या भिंतीवर लागला, आणि त्याची नक्कल समोर.

महिन्याभराने धाकटी पार्लरमध्ये आली. तोंडावर ओढणी, आणि चालली थेट मागच्या खुर्चीकडे. तिथे खुर्चीच नव्हती. पडदाही नव्हता; त्याचे थोरलीने पाय पुसायचे तुकडे केले होते. दोन्ही खुर्च्या दारासमोर.

"ओढणी काढ," थोरली म्हणाली, "उकडेल."

सगळं गोड झालं असं मात्र नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं दारातूनच 'नंतर येते' म्हणून गेली ती गेलीच. दातात दोरा धरला की धाकटीच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ सुटे. एका नवरीने तोंड फिरवलं, तेव्हा धाकटी न्हाणीघरात जाऊन बसली. मग थोरलीने आयब्रोसाठी दोरा मानेला बांधून ओढायची पद्धत शोधून काढली, आणि भुवया पहिल्यासारख्या नाही तरी बऱ्या व्हायला लागल्या. तोंड एका बाजूने गेलेल्या त्या बाईचा नंबर वहीत होता. थोरलीने तिला फोन केला. तिने दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पडद्यामागेच बसायचं तर माझ्या घरी आरसा आहे. थोरलीने वहीतला तो नंबर खोडला नाही. 

समोरून माणसं येत राहिली. भाजलेल्या हाताची ती मुलगी आली, आता वण मऊ करायला. इकडूनही जात राहिली. एका बाईच्या नाकाशेजारची पुटकुळी थोरलीच्या वहीप्रमाणे पाच महिने तिथेच होती. थोरलीने क्रीमचं झाकणच उघडलं नाही, बाईचा हात धरून तिला चौकापार नेलं. डॉक्टरने काय म्हटलं ते तिने बाहेर उभं राहून ऐकलं. विश्वास असला तरी खात्री करायला काय जातं?

आणि रोज दुपारी, दर सोमवारी तर दोनदा, धाकटी खुर्चीत आणि थोरली मागे. गालावरून बोटं फिरवायची, मग आरसा. फुगा फुगव. शिट्टी वाजव. 'ई' म्हण, खालचे दात दाखव. उजवीकडचे दात दिसत, डावीकडे ओठ मिटलेला. पुन्हा. पुन्हा. कधी धाकटी चिडून म्हणे, ताई, पुरे, काही होणार नाही. थोरली म्हणे, बघू. याही 'बघू'चा अर्थ 'नाही'च होता, पण आता तो 'पुरे नाही' असा होता.

साडेतीन महिन्यांनंतरच्या एका सोमवारी धाकटीने कंटाळून, खिडकीबाहेर बघत 'ई' म्हटलं, आणि थोरलीच्या बोटाखाली काहीतरी हललं. आरशात डावीकडचा खालचा एक दात दिसला. एकच. तोही अर्धा.

 "तू बोटाने ओढलास," थोरली म्हणाली.

"माझे हात मांडीवर आहेत ताई."

"परत कर."

धाकटीने परत केलं. परत तो दात दिसला.

"माझा नाही विश्वास बसत. परत."

तिसऱ्यांदा करताना धाकटीला हसू फुटलं, आणि त्या हसण्यात ओठ डावीकडून, थोडासा, आळसावल्यासारखा, पण खाली आला. थोरली तशीच, क्रीमच्या हातांनी, दार उघडून चौकात आली. समोरच्या बाकावर चार माणसं बसली होती, जिन्यावरून एक जुनं गिऱ्हाईक धापा टाकत चढत होतं. थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचीही पर्वा न करता हाक मारली.

"डॉक्टर, बाहेर या. खालची ब्रँच सुरू झाली."

जिन्यातली बाई कठड्याला धरून थांबली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, "अगं बाई, नवी ब्रँच? कुठे उघडली हो?"

 थोरलीने त्या बाईचा हात धरला आणि तिला आत, दारासमोरच्या खुर्चीपाशी नेलं.

"दाखव गं यांना," ती म्हणाली.